बाइंडरबाईंची सोळा पानं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्या, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, निवृत्त न्यायमूर्ती महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या कन्या आणि जावई, ग्रंथालयातले सहकारी, माझे प्राध्यापक मित्रमैत्रिणी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना मला न्यायशास्त्राचा चालताबोलता ग्रंथ म्हटलं. तरुण आहेत, उत्साह असतो. पण ग्रंथच म्हणायचं असेल, तर या ग्रंथातली काही पानं गहाळ आहेत आणि ती कुठे गेली हे मला ठाऊक आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर काढून ठेवलंय. दहा मिनिटांचं काय असतं, तेही पुढे येईल.

बाईंबद्दल सगळे भरभरून बोलले. हसतमुख, वक्तशीर, बॅगा ठेवण्याच्या खिडकीवर कधी टोकन हरवलं नाही. हे सगळं खरं आहे. विद्यार्थी त्यांना टोकनमावशी म्हणतात. तुमच्यातल्या कुणालाही वाटेल की बाई जन्मापासून त्या खिडकीतच बसल्या आहेत. तुमचा दोष नाही, तुम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत असाल. पण चौदा वर्षांपूर्वीपर्यंत या बाईंना सगळं महाविद्यालय बाइंडरबाई म्हणायचं.

वाचनालयाच्या जिन्याखाली आज जिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, तिथे त्यांची खोली होती. सायकल स्टँडकडे उघडणारी एक खिडकी, लोखंडी चाकाचं दाबयंत्र, लाकडी चौकट, मेण लावलेला दोरा, खळीचा डबा. निकालांचे जाड ग्रंथ तिथे उसवून जात आणि नवे होऊन येत. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकीवर एक ठेवून शिवलेल्या, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांनी शिकवलं. वडिलांकडून शिकलेलं काम होतं ते. बाईंची टाक्याला गाठ मारायची एक पद्धत होती, दुहेरी, आणि उरलेलं टोक आत वळवलेलं. ती गाठ दुसरं कुणी मारत नाही. त्यांची मुलगी शाळा सुटली की पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून गृहपाठ करायची. मधूनच मला पाढे विचारायची आणि मी चुकायचो.

आता माझी एक खोड सांगतो. ती पुढे लागणार आहे. मी ग्रंथालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीनं खुणा करतो. समासात छोटा त्रिकोण, त्यात टिंब. म्हणजे ‘हे वर्गात सांगायचं’. पुस्तक बांधणीला आलं की बाई आधी माझे त्रिकोण खोडत बसायच्या. मला सुनवायच्याही. म्हणायच्या, सर, तुम्ही दुसऱ्यांना हक्क शिकवता, पण पुस्तक तुमचं नाही एवढं तुम्हाला कळत नाही. मी हसून सोडून द्यायचो.

माझ्या पहिल्या तासाचा खेळ इथल्या बहुतेकांनी खेळलेला आहे. न्यायमूर्ती महोदय एकदा पाहुणे म्हणून वर्गावर आले होते, तेव्हा त्यांनीही खेळलाय, ते मान डोलावतायत. मी विद्यार्थ्यांना वसतिगृहाचे नियम करायला सांगतो. नियम झाले की चिठ्ठ्या काढायला लावतो. कुणाला रेक्टर निघतो, कुणाला आजारी मुलगा, कुणाला संडास धुणारी बाई. मग विचारतो, आता तुमचेच नियम तुम्हाला मान्य आहेत का? दरवर्षी वर्गाचा चेहरा पडतो. आपली खुर्ची कोणती हे माहीत नसताना केलेला नियमच न्याय्य असण्याची शक्यता असते, हे एका तासात कळतं. खेळ चांगला आहे. त्यात खोट एवढीच, की तीस वर्षांत मी स्वतः कधी चिठ्ठी उचलली नाही.

चौदा वर्षांपूर्वी आपल्या संस्थापकांची हस्तलिखित वही बांधणीला आली. वकिलीच्या सुरुवातीला ते एक खटला हरले होते, त्याची संपूर्ण टिपणं त्या वहीत आहेत. एकच प्रत. वर्धापनदिनाला ती काचेच्या पेटीत ठेवायची होती. जुनी शिलाई इतकी आवळलेली होती की वही अर्धीच उघडायची आणि कण्याजवळच्या ओळी कधी कुणाला वाचता आल्या नव्हत्या. बाईंनी ती उसवली. घड्या टेबलावर ओळीनं मांडल्या, वर वजनं ठेवली.

मी दुपारी डोकावलो तेव्हा बाई जेवायला मागच्या अंगणात गेल्या होत्या. वही सपाट पसरलेली. इतकी वर्षं न दिसलेल्या ओळी समोर. त्यात एक घडी होती, आरोपीनं स्वतः दिलेल्या जबाबाची. पूर्ण सोळा पानं. मी ती उभ्याउभ्या वाचू लागलो, पेन्सिल काढली, एक त्रिकोण केला. मग तासाची घंटा झाली. मी ती घडी फाइलमध्ये घातली आणि निघालो. उद्या सकाळी आणून ठेवू, असा विचार केला. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. अख्ख्या वर्गाला चिठ्ठ्या काढायला लावणारा मी!

दुसऱ्या दिवशी पहाटेच मला परगावी परीक्षक म्हणून जावं लागलं. तीन आठवडे. फाइल घरच्या कपाटात गेली. परतलो तेव्हा इथे गहजब झाला होता. सोळा पानं नाहीत. जुने कागद जमवणाऱ्या कुणाला तरी बाईंनी ती विकली, असं शिपायांपासून विश्वस्तांपर्यंत सगळे बोलत होते. चौकशी समिती नेमली जात होती. तेव्हाचे प्राचार्य, तेव्हाचे ग्रंथपाल आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं काटेकोर पाळली जावीत म्हणून तिसरा सदस्य, मी.

हसू नका. किंवा हसा, मला चालेल.

तुम्ही विचाराल, सर, तुम्हाला आठवलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की उत्तर पाठ झालंय. पानं परत करायची असं मी इतकं पक्कं ठरवलं होतं, की डोक्यात ती परत केल्यासारखीच बसली होती. शिवाय सगळीकडे शब्द होता चोरी. मी तर वाचायला घेतली होती. चोरी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेली, वेगळ्या जातकुळीची गोष्ट. माझ्यासारख्या माणसाचा तिच्याशी संबंध असू शकतो, हे माझ्या मनात शिरलंच नाही. आणि माझ्यासारखा माणूस म्हणजे कोण, हे मी त्या काळात कधी स्वतःला विचारलंही नाही.

चौकशीच्या दिवशी बाईंना आपली बाजू मांडायला दहा मिनिटं दिली. नियम मीच केला होता. बाई उभ्या होत्या. खुर्ची होती, पण बसा म्हणायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. त्यांनी वही कशी उसवली, घड्या कशा मोजल्या, हे शांतपणे सांगितलं. मग सहाव्या मिनिटाला म्हणाल्या, “उघड्या वहीपाशी त्या दिवशी कोण कोण येऊन गेलं, ते सगळ्यांना विचारा. मला तिघं माहीत आहेत.”

ते वाक्य माझ्या मनात कुठेतरी अडकलं. आठवण नव्हे, आठवणीची चाहूल. आपण दार ओढून निघतो आणि कोपऱ्यावर वाटतं, गॅस बंद केला का? तेवढंच. एक मिनिट गप्प बसलो असतो तर सगळं वर आलं असतं. मी गप्प बसलो नाही. मी लगेच म्हणालो, पुराव्याशिवाय कुणाची नावं घेता येणार नाहीत, गैरहजर व्यक्तीवर संशय नोंदवणं नैसर्गिक न्यायात बसत नाही. इतक्या सफाईनं म्हणालो की प्राचार्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. आता बाकी काही नसेल तर थांबू, असं म्हणून मी घड्याळ उचललं.

मित्रहो, नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वं पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतात. दुसऱ्याची बाजू ऐकून घ्या, आणि स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नका. एकाच बैठकीत दोन्ही मोडली, आणि तीही त्यांचंच नाव घेऊन, असा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. तो आज हार घालून तुमच्यासमोर उभा आहे.

निकालपत्र मीच लिहिलं. ‘निष्काळजीपणा सिद्ध, गैरहेतू सिद्ध नाही.’ हे दुसरं अर्धं वाक्य मी आग्रहानं घातलं, आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज एका गरीब बाईची नोकरी वाचवली. ती म्हणाली, तिनं खरंच घेतली होती का पानं? मी म्हटलं, तो प्रश्न वेगळा आहे. माझं असं बोलणं तिला सवयीचं होतं. तिनं पोळी वाढली.

बाईंच्या सेवापुस्तकात नोंद झाली. बांधणीचं काम त्यांच्याकडून काढून बाहेर दिलं आणि त्यांना बॅगांच्या खिडकीवर बसवलं. जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागलं. बाइंडरबाईंच्या टोकनमावशी झाल्या.

सात महिन्यांनी सुट्टीत कपाट आवरताना मला ती घडी सापडली. फाइलवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘नैसर्गिक न्याय: उदाहरणं’.

त्या दुपारी मी काय केलं? काहीच केलं नाही. सोळा पानं मांडीवर घेऊन बसलो आणि विचार केला. विचार करणं हा माझा व्यवसाय आहे. मला एकाहून एक युक्तिवाद सुचले. निर्णयाला कधीतरी अंतिम म्हणावंच लागतं, नाहीतर कुठलाच वाद मिटणार नाही. एका व्यक्तीवरचा अन्याय दूर करताना संस्थेवरचा विश्वास ढासळला, तर एकूण हानी जास्त. नोकरी तर वाचलीच आहे. यातला एकेक मुद्दा आपल्या शास्त्रात मोठमोठ्या माणसांनी मांडला आहे आणि त्यांच्या जागी तो बरोबरही आहे. त्या दुपारी ते सगळे मुद्दे माझी लाज झाकायला धावून आले. पुढच्याच वर्षी मी ‘निर्णयाची अंतिमता’ या विषयावर व्याख्यान दिलं. फार रंगलं म्हणे.

शेवटी मी ती घडी पिशवीत घालून आणली, वहीचं कपाट उघडायला सांगितलं, आणि कुणी पाहत नाही असं पाहून पानं त्यांच्या जागी सरकवून ठेवली. सुटी, न शिवलेली. मनाशी म्हटलं, वस्तू मूळ मालकाला परत मिळाली. आत शिरताना पिशवी कुणाकडे ठेवली होती, ठाऊक आहे? बाईंकडे. आतली फाइल मात्र काढून घेतली होती. त्यांनी मला टोकन दिलं, सर नमस्कार म्हणाल्या.

त्यानंतर तेरा वर्षं रोज पिशवी दिली आणि टोकन घेतलं. पावसाची चौकशी केली, गुडघ्यांची चौकशी केली. दिवाभीतासारखा वागलो असतो तरी एकवेळ बरं. मी तर छान वागलो.

आज सकाळी, या भाषणाची तयारी म्हणून, मी ती वही मागवली. मनात होतं की सुटी पानं तुमच्यापुढे धरायची आणि म्हणायचं, हा घ्या पुरावा. नाट्यमय कबुलीची हौस मलाही आहे. वही उघडली. पानं सुटी नव्हती. शिवलेली होती. मेणाचा दोरा, दुहेरी गाठ, टोक आत वळवलेलं.

मी तसाच खाली खिडकीवर गेलो. बाई शेवटच्या दिवशीची टोकनं खिळ्यांवर क्रमानं लावत होत्या. मी वही समोर ठेवली आणि विचारलं, “ही तुम्ही शिवलीत?”

“शिवली,” त्या म्हणाल्या. “पुस्तकाचा काय दोष?”

चौथ्या वर्षी नव्या ग्रंथपालांनी त्यांना कपाटं पुसायला लावली, तेव्हा वहीतून ती घडी त्यांच्या हातात आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून सुई-दोरा आणला. बांधणी करायची मनाई होती, तरी आणला. पानावरचा पेन्सिलीचा त्रिकोण त्यांनी पाहिला होता. आयुष्यभर माझे त्रिकोण खोडणाऱ्या बाईंनी तेवढा एक तसाच ठेवला. तो अजून आहे, कुणालाही बघता येईल.

म्हणजे दहा वर्षं त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढे चुकल्यावर त्यांची मुलगी पाहायची. म्हणाल्या, “तक्रार समितीचे अध्यक्ष कोण? तुम्हीच ना? मग तुमची तक्रार घेऊन तुमच्याकडेच यायचं होतं का?”

पुढचं त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. मी रोज पिशवी ठेवायला येई, तेव्हा पहिली काही वर्षं त्यांना वाटे, आज हे बोलतील. मग तेही वाटेनासं झालं. सल एकच राहिला. कॉलेजात जाऊ लागल्यावर मुलीनं एकदाच विचारलं होतं, आई, तू खरंच विकलीस का गं ती पानं? बाई नाही म्हणाल्या. मुलगी बरं म्हणाली. त्यानंतर मुलीनं या इमारतीत पाऊल टाकलं नाही, ते आजपर्यंत.

मी म्हटलं, आज मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. तेव्हा बाईंनी हातातलं टोकन खाली ठेवलं. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे सांगतो. “माफी मागू नका. तुम्ही चारचौघांत माफी मागितलीत, की मला असू दे म्हणावं लागतं. मला तसं म्हणायचं नाही. काय झालं ते फक्त क्रमानं सांगा. मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे.”

क्रमानं सांगितलं. ताई, तुमच्या आईनं पानं विकली नव्हती, हरवलीही नव्हती. त्यांनी घड्या बरोबर मोजल्या होत्या. ती पानं मी नेली होती. त्यांनी विचारलेला एकमेव प्रश्न बरोबर होता आणि तो मी बंद केला.

प्राचार्या मॅडम, हे सगळं लेखी देऊन मी आज अकरा वाजता तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. तुम्ही माझ्या विद्यार्थिनी, तुमची अडचण मला दिसते आहे. बाईंचं सेवापुस्तक आज कार्यालय बंद होताना मिटणार. त्याआधी ती नोंद रद्द व्हावी आणि का रद्द झाली हेही लिहिलं जावं. तक्रार समितीचा राजीनामा त्याच पाकिटात आहे. मला अजून दीड वर्ष नोकरी आहे, म्हणजे माझ्यावर जी कारवाई करायची तिला सवड आहे. चौकशी कुणी आणि कशी करावी, हे मी सुचवणार नाही. ती खोड आता पुरे. फक्त या वेळी माझी खुर्ची कोणती, हे मला माहीत आहे.

मला लाज वाटते. हे वाक्य मी फार वळसे घेऊन बोलतो आहे, याचीही वाटते. तीस वर्षं न्यायावर बोलून पोट भरलं, मान मिळवला, आणि रोज चार पावलांवर बसलेल्या बाईंपुढे मला तोंड उघडता आलं नाही. ते उघडायलाही त्यांच्या निरोपाचा दिवस यावा लागला. आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर तीही गरज उरली नसती, असा हिशेब माझ्या मनानं केला नव्हता हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

आता समारोप. मला बोलावल्याबद्दल ग्रंथालयाच्या मंडळींचे आभार. त्यांना गोड भाषण हवं होतं, त्यांच्या आनंदावर मी विरजण घातलं. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ उभं राहून ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, दहाची वीस मिनिटं झाली असतील, तर तुम्ही सगळ्यांनी ते पोटात घालावं ही विनंती.

बाई, ही विनंती तुम्हाला नाही. तुमच्याकडे मी काही मागत नाही. तुमचंच माझ्याकडे काही राहिलं आहे. त्या दिवशी तुम्हाला दहा मिनिटं दिली होती आणि सहाव्या मिनिटाला मी घड्याळ उचललं. चार मिनिटं राहिली. तुम्हाला वाटलं तर बोला, नाहीतर चार मिनिटं आम्ही सगळे गप्प बसतो. घड्याळ इथेच ठेवतो. माईक तुमच्याकडे देतो आणि खाली जाऊन बसतो.